जमिनीवर बसून पाहिलेला दिवाणखाना

मी काय काम करते हे कळलं की समोरचा लगेच म्हणतो, “मग दाखवा ना, पेशव्यांचा महाल कसा दिसायचा!” मी लॅपटॉप उघडते आणि त्याचा चेहरा पडतो. कारण माझ्याकडे दाखवायला जे असतं ते बहुतेक राखाडी. अर्धे खांब राखाडी, छत निम्म्यावर संपलेलं, एका भिंतीच्या जागी नुसती तुटक रेघ. झुंबरं नाहीत, गालिचे नाहीत आणि नाचणारी कलावंतीण तर नाहीच. “अजून पूर्ण व्हायचंय वाटतं,” असं म्हणून माणूस चहाकडे वळतो. आता मी समजावत बसत नाही. ते काम पूर्ण झालेलं असतं.

वास्तुशास्त्राचं शिक्षण झाल्यावर मीही आधी नव्या इमारतींचीच गुळगुळीत चित्रं बनवत होते. बिल्डरच्या जाहिरातीत संध्याकाळच्या उन्हात झळकणारा फ्लॅट असतो ना, तो. तिथून मी जुन्या वाड्यांकडे आले ती इतिहासाच्या एका प्राध्यापकांमुळे. त्यांना एका सावकारी वाड्याचा दिवाणखाना संगणकावर उभा करून हवा होता. मी विचारलं, “सर, किती अँगलनी चित्रं देऊ?” ते म्हणाले, “चित्र नको. या खोलीत बैठक भरली की हिशेबाला बसलेल्या कारकुनाला मालकाचं तोंड दिसत होतं का, एवढं सांगा.” हा प्रश्न मला तेव्हा विचित्रच वाटला होता. अभ्यासकाला मॉडेल कशाला लागतं ते त्यानंतर हळूहळू उमगत गेलं. सिनेमावाल्याला खोली भरलेली हवी असते. अभ्यासकाला त्या खोलीला काहीतरी विचारायचं असतं.

या कामातला कंटाळवाणा आणि तरीही मला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे मोजमाप. वाई परिसरातल्या एका वाड्याचं काम आलं तेव्हा लेझर स्कॅनर नुकताच आमच्या हाती लागला होता. तिवईवर ठेवलेलं ते यंत्र गोल फिरत भिंती, खांब, कडीपाट, सगळ्यांवर किरण टाकतं आणि लाखो बिंदूंचा एक ढग संगणकात उतरतो. अचूकता काही मिलिमीटरची. पण आकडे हातात येऊनही बोलेनात. दोन खांबांमधलं अंतर कुठे १७१५, कुठे १७१०, कुठे १७२२. दाराची उंची १५४५. यातून नियम कसला काढायचा? आमच्याबरोबर एक वयस्कर सुतार होते, सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. ते स्क्रीनकडे जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “ताई, ज्यानं हे बांधलं त्याच्या हातात तुमची टेप नव्हती. त्याच्या गजानं बघा की.”

गजाचे तसू चोवीस, हे मी वाचलेलं होतं. गजाची लांबी मुलखागणिक बदलायची हेही वाचलेलं होतं, म्हणून मी त्या वाटेला गेलेच नव्हते. मिस्त्रींनी उलटी वाट सांगितली. गज बाहेर शोधू नका, तो वाड्यालाच विचारा. मग सगळी अंतरं एका तक्त्यात मांडली आणि ती कुठल्या मापानं निःशेष भागली जातात ते तपासलं. ६८६ मिलिमीटरचा गज धरल्याबरोबर तक्ता सरळ झाला. दोन खांबांमधला खण अडीच गजांचा, म्हणजे ६० तसूंचा. दार ५४ तसू उंच, ३२ तसू रुंद. एवढं हाती आल्यावर पडलेल्या सोप्याचे उरलेसुरले तळखडे कुठल्या खांबांचे, हे गवतातूनसुद्धा ओळखता येऊ लागलं. मागच्या बाजूचे तीन खण मात्र या गजात बसेनात. आम्ही ते बसवायचा प्रयत्न न करता तसेच लाल रंगात ठेवले. पुढे अभ्यासकांच्या हाती घराण्याचे मोडी कागद आले, त्यात नेमक्या त्याच बाजूच्या जळिताचा आणि नव्या लाकडाच्या खरेदीचा खर्च निघाला. वेगळ्या पिढीचं बांधकाम, वेगळा सुतार आणि त्याचा वेगळा गज.

वाड्याचा आतला सांगाडा लाकडाचा असतो. दगडी तळखड्यावर खांब, खांबाच्या डोक्यावर हस्त, हस्तांवर तुळई, तुळईवर कडीपाट आणि त्यावर मातीचा थर. खांबांमधली ती देखणी, नक्षीची महिरप बहुतेक ठिकाणी वजन घेतच नाही. ती कोरलेली फळी असते, खांबांच्या मध्ये बसवलेली. विद्यार्थी मॉडेल करताना महिरपीला दगडी कमानीसारखी जाड करतात आणि वर दोन मजले चढवतात. म्हणून मी आमच्याकडे एक शिस्त लावली. मॉडेल बाहेरच्या आकारावरून काढायचं नाही, सुतारानं जोडलं त्या क्रमानं, सांध्यासांध्यानं जोडायचं. वेळ तिप्पट लागतो. पण अशा मॉडेलला नकार देता येतो आणि तोच त्याचा उपयोग.

एका वाड्यात घरच्या मंडळींची ठाम आठवण होती की माडीवर जाणारा जिना दिवाणखान्याच्या कोपऱ्यात होता आणि तो पडला. आम्ही तो तिथं उभा केला. पायऱ्यांचा चढ त्याच वाड्यातल्या दुसऱ्या जिन्याचा घेतला. आठव्या पायरीला माणसाचं डोकं तुळईत घुसलं. जिना फिरवला, उलटा केला, अरुंद केला, तरी तुळई आडवीच. तुळई मूळची होती, तिच्यावरची नक्षी सलग होती. म्हणजे मूळचा जिना तिथं असणं शक्य नव्हतं. त्या बाजूच्या भिंतीची जाडी मात्र इतर भिंतींपेक्षा जवळजवळ दुप्पट भरत होती, याकडे तोवर कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. घरधन्यांच्या परवानगीनं भिंतीतलं एक फडताळ रिकामं करून मागची फळी वाजवली, तर पोकळ. जिना भिंतीच्या पोटात होता. आठवण खोटी नव्हती, पडला होता तो नंतर कधीतरी टाकलेला लाकडी शिडीवजा जिना. कुठल्याही कागदात यातलं अक्षर नव्हतं.

आता ज्या गोष्टीनं माझं काम खरोखर बदललं ती सांगते. संगणकात खोली उभी केली की पाहणारा कॅमेरा आपण न सांगताही उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर येतो, साधारण १६० सेंटिमीटरवर. आम्ही सगळे दिवाणखाने तसेच पाहत होतो. एकदा संगीताच्या इतिहासावर काम करणाऱ्या एक बाई आल्या. त्यांनी स्क्रीनवर दोन मिनिटं पाहिलं आणि विचारलं, “इथं उभं कोण असायचं?” चोपदार, हुजरे, पंखा ओढणारा, पाणी देणारा. ज्यांच्यासाठी खोली बांधली ते सगळे बसलेले. कॅमेरा ८० सेंटिमीटरवर आणला, मांडी घातलेल्या माणसाच्या डोळ्यांशी, आणि खोली वेगळीच झाली. जमिनीपासून जेमतेम वीतभर वर सुरू होणाऱ्या ज्या खिडक्या मला उगाच खाली आलेल्या वाटायच्या, त्या बसलेल्या माणसाच्या बरोबर खांद्याशी आल्या. वारा त्याच्या अंगावर येणार, रस्ता त्याला दिसणार. हस्तांच्या खालच्या अंगाला कोरलेली केळफुलं उभ्या माणसाला जवळपास दिसत नाहीत, बसलेल्याला समोर दिसतात. गादीची हातभर उंचीही तेव्हाच कळते. उभ्यानं पाहिलं तर ती नुसती एक पायरी आहे, बसून पाहिलं तर तिच्यावरच्या माणसाकडे मान वर करूनच बघावं लागतं. आणि त्या कारकुनाचं उत्तरही मिळालं, कितीतरी उशिरा. त्याच्या जागेवरून मालकाचं तोंड खांबाआड जात होतं, हात मात्र दिसत होते. प्राध्यापक खूश झाले. त्याचा अर्थ काय लावायचा ते त्यांचं काम, मी त्यात पडले नाही.

उजेडाचंही असंच. आपल्या डोळ्यांना ट्यूबलाइटची सवय. एका मेणबत्तीचा प्रकाश एक मीटरवर साधारण एक लक्स पडतो, आणि आजच्या कचेरीत टेबलावर तीनशे ते पाचशे लक्स असावा असा दंडक आहे. समईच्या वातीचा उजेड मेणबत्तीच्या आसपासच. ज्योतीचा रंगही दिवसाच्या उजेडाहून पुष्कळ तांबूस, १९०० केल्विनच्या जवळचा. प्रकाशाचं भौतिक गणित करणारी ‘रेडिअन्स’सारखी प्रणाली वापरून एक दिवाणखाना आम्ही फक्त समया आणि हंड्या लावून पाहिला. पहिली प्रतिक्रिया, “फाईल बिघडली.” एवढा अंधार! मग डोळा सरावल्यावर काय दिसतं याचा हिशेब त्यात घातला. घोटलेल्या चुन्याच्या गिलाव्यावर उजेड सरकत जातो, भिंतीतल्या कोनाड्यात दिवा ठेवला की कोनाडाच परावर्तक होतो, आणि पांढरी बिछायत खालून तोंडांवर प्रकाश टाकते. पांढऱ्या चादरीवर काळी चादर टाकून पाहिली तर माणसांचे चेहरे विझले. बिछायत पांढरी का, याची कारणं स्वच्छतेची आणि मानाची असतीलही, पण तिच्यावाचून त्या खोलीत रात्री माणूस ओळखू आला नसता. आता कुणी अभ्यासक मोडी यादीतली दिव्यांची आणि तेलाची नोंद घेऊन आला की मी फर्निचरच्या आधी तीच मागते.

शनिवारवाड्याबद्दल लिहिलं नाही तर वाचक रागावतील. पाया १७३० सालचा, वास्तुशांत १७३२ ची, आणि फेब्रुवारी १८२८ मधली आग. दिल्ली दरवाजा, तट, हजारी कारंजं आणि जोती, एवढं उरलं. जोत्यांवरून आराखडा मिळतो, उंची मिळत नाही. सातव्या मजल्यावरून आळंदीचं शिखर दिसायचं असं सांगतात. एका तरुण अभ्यासकाला ते मॉडेलवर तपासायचं होतं. जमिनीच्या उंचसखलपणाची माहिती उपलब्ध आहे, दृष्टिरेषा काढता येते. पण मजल्याची उंची आपणच ठरवायची आणि मग दिसलं म्हणून आनंद मानायचा, यात पुरावा कुठला? त्याला म्हटलं, प्रश्न फिरव. शिखर दिसायला किमान किती उंची लागेल ते काढ, आणि तेवढी उंची या जोत्यांवर लाकडानं पेलेल का ते मिस्त्रींना विचार. त्याचं काम अजून चालू आहे.

त्याच वाड्यातल्या गणेश रंगमहालाचं एक मोठं तैलचित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. १७९० साली टिपूविरुद्ध झालेल्या तहाचा दरबार, त्यात तरुण सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट. खांब, महिरपी, माणसांची दाटी. गणेश रंगमहाल करायचा म्हटलं की जो तो हेच चित्र पुढे करतो. पण ते थॉमस डॅनियलनं रंगवलं १८०५ मध्ये, इंग्लंडात. तो त्या दरबारात नव्हता. ज्याच्या रेखाटनांवरून त्यानं ते रंगवलं तो जेम्स वेल्सही त्या दिवशी पुण्यात नव्हता; तो आला १७९२ मध्ये आणि १७९५ मध्ये वारला. वेल्सनं पुण्यात बसून माणसं आणि इमारती पाहून काढल्या, त्यामुळे चित्र टाकाऊ नाही. पण त्यातला कुठला खांब मोजलेला, कुठला आठवणीतला आणि कुठला चित्राच्या तोलासाठी घातलेला? आम्ही चित्रातला दृष्टिकोन उलटा सोडवून पाहिला. असं गणित करता येतं. रेषा कुठं मिळतात त्यावरून चित्रकाराची जागा आणि खोलीची प्रमाणं काढतात. निघणारी प्रमाणं जोत्याशी ताडून पाहायची आणि जिथं जुळतं तेवढंच घ्यायचं. बाकीचं राखाडी. मला विचाराल तर हे चित्र दरबाराचा पुरावा म्हणून जितकं वापरतात, तितका भार ते पेलत नाही.

राखाडीवरून माझं कायम भांडण होत आलं आहे. आमचा रंगसंकेत साधा आहे. प्रत्यक्ष मोजलेलं ते लाकडाच्या मूळ रंगात, कागदपत्रांवरून घेतलेलं फिकट पिवळं, त्याच काळातल्या दुसऱ्या वाड्यावरून अंदाजानं घेतलेलं राखाडी, आणि जे ठाऊक नाही ते रिकामं. शिवाय प्रत्येक वस्तूमागे एक नोंद: हे कशावरून, दुसरे कोणते पर्याय होते, ते का सोडले, कोण म्हणालं. याला आम्ही निर्णयवही म्हणतो. जगभर हे काम करणाऱ्यांनी २००६ मध्ये ‘लंडन चार्टर’ नावाची तत्त्वं मांडली, २००९ मध्ये ती सुधारली. त्यांचंही म्हणणं हेच की पुरावा कुठला आणि तर्क कुठला, हे पाहणाऱ्याला कळलं पाहिजे. ऐकायला सोपं आहे. एका प्रदर्शनाच्या आयोजकांना मात्र राखाडी नको होतं. “लोक पैसे देऊन येतात, त्यांना रिकामी भिंत दाखवायची का?” शेवटी त्यांनी दुसरीकडून रंग भरून घेतले. झुंबरं आली, मखमली पडदे आले, भिंतींवर राजस्थानी वळणाची चित्रं आली. गर्दी झाली, मुलं खूश झाली. तिथवर माझी काही तक्रार नाही. पण पुढे तेच चित्र एका अभ्यासनिबंधात पेशवेकालीन पडद्यांचा दाखला म्हणून छापलेलं पाहिलं तेव्हा जीव चडफडला. आपणच भरलेला रंग आपल्यालाच पुरावा म्हणून परत येतो, तो असा.

निर्णयवहीचा आणखी एक फायदा वर्षं उलटल्यावर कळला. ज्या प्रणालीत सुरुवातीची मॉडेलं केली ती आता बाजारात नाही, त्या फाईली उघडत नाहीत. साध्या मजकुरात लिहिलेल्या नोंदी आणि कागदावर छापलेले मोजलेले नकाशे तेवढे वाचता येतात. त्यांवरून मॉडेल पुन्हा करता येईल. म्हणून नव्यांना सांगते, चित्रावर चार दिवस घालवत असाल तर नोंदींवर आठ घालवा.

कागद आणि यंत्रं यांच्यापलीकडे माणसं. एका वाड्यात नव्वदीच्या आजी होत्या, लहानपणी सासरी आलेल्या. त्यांना मॉडेल दाखवलं. खांबांत, नक्षीत त्यांना काडीचा रस नव्हता. त्या म्हणाल्या, “माझी वाट कुठाय?” कुठली वाट? विहिरीवरून सोवळ्यात पाणी घेऊन स्वयंपाकघरात यायची, ओटीला आणि माजघरातल्या येण्याजाण्याला न शिवता. आमच्या मॉडेलमध्ये त्यासाठी दारच नव्हतं. मागच्या पडवीच्या टोकाला नुसती भिंत. आजींनी बोटानं दाखवलं, “इथं दिंडी होती. वाकून यावं लागायचं. पोटुशी असताना फार जड जायचं.” त्या जागी आज संडास आहे, पण चौकटीचा उंबरा फरशीखाली निघाला. स्त्रियांच्या इतिहासावर लिहिणाऱ्या एका संशोधक मैत्रिणीनं मग त्या मॉडेलमध्ये बाईच्या दिवसभराच्या फेऱ्या आखल्या. पुरुषांचा वाडा आणि बायकांचा वाडा हे एकाच छपराखालचे दोन वेगळे नकाशे निघाले, आणि ते एकमेकांना फक्त दोन ठिकाणी छेदत होते. माडीवरच्या जाळीतून बैठक दिसायची का, हेही तपासलं. दिसायची, पण अर्धीच; गवई दिसायचा, यजमान नाही. आजींना हे सांगितलं तर त्या हसल्या. “यजमानांना काय बघायचंय? गाणं ऐकू यायचं.”

अशी माणसं आता थोडी राहिली आहेत आणि वाडे त्याहून थोडे. पुण्यात १८७९ च्या मे महिन्यात एकाच रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा यांना आगी लागल्या. प्लेगच्या साथीत घरं चुन्यानं धुऊन काढली, त्या थरांखाली रंगवलेल्या भिंती गेल्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतले वाडे आणि त्यांतली दप्तरं पाण्यात गेली. उरलेले भाडेकरू, वाटण्या आणि पुनर्विकास यांत चालले आहेत. ज्यांच्या डोक्यावर गळकं कौल आहे त्यांना वाडा सांभाळा असं सांगायचा मला अधिकार नाही.

फक्त एवढं करा. वाडा पाडायचा ठरला असेल तर सामान हलवायच्या आधी मोबाईलनं फोटो काढा. भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा दोनतृतीयांश भाग पुन्हा येईल असे. अशा फोटोंवरून आम्हाला खोली मोजून उभी करता येते. दर खोलीत एका तरी फोटोत मोजपट्टी ठेवा, तिच्यावाचून आकार मिळतो पण माप मिळत नाही. छताचे आणि कोपऱ्यांचे फोटो विसरू नका. थोडे जमिनीवर बसून काढा. नक्षीचे खांब विकणारच असाल तर कुठला खांब कुठल्या खणातला ते खडूनं लिहून त्याचा फोटो घ्या. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला प्रत्येक खोलीचं नाव विचारा आणि रेकॉर्ड करा. आणि माळ्यावरचे मोडी कागदांचे रुमाल रद्दीत घालू नका. वाचता येत नसेल तर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा पुराभिलेखागारात घेऊन जा. मोडी वाचणारी माणसं अजून आहेत.